नळीतलं भरीत

आमच्या गल्लीतला सायकलवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसतो. ओल्या रबराचा तो वास आला, की मी वीस वर्षं मागे, धुळ्याच्या एका दवाखान्यात जाऊन पोचतो.

माझे वडील, नाना, खाण्यासाठी अख्ख्या जामनेरात प्रसिद्ध. पैजेवर भरताचं पातेलं रिकामं करायचं आणि वर मिशी पुसत म्हणायचं, "हं, आता जेवायला वाढा!" अशा माणसाच्या टाचेत गंजका खिळा घुसला आणि धनुर्वातानं दातखीळ बसली. चमचा शिरेल एवढीही फट उरली नाही. जरा आवाज झाला, उजेड पडला, की अंग कमानीसारखं वाकायचं. म्हणून खोलीत अंधार, आणि आमच्या बोलघेवड्या घराण्याला मौनाची शिक्षा!

नर्सबाई नाकातून रबरी नळी घालत आणि तिचं बाहेरचं टोक वाटीतल्या पाण्यात धरत. बुडबुडे आले तर नळी श्वासाच्या वाटेला गेली, काढा. नाही आले तर पोटात आहे, ओता. मग नरसाळ्यातून दूध, साखर आणि फेटलेलं अंडं. "एवढं पिवळं कसं रे?" अंड्याला शिवतही नसलेल्या माळकरी मायनं विचारलं, तेव्हा मी बेधडक केशर म्हणून ठोकून दिलं. माय मात्र त्याहून थोर. दूध उतरू लागलं, की ती नानांच्या कानाशी कुजबुजायची, "आज भरीत शे. वर कांदानी पात टाकेल शे. सावकाश खा." नानांच्या पापण्या हलायच्या.

"अक्का, उद्याचा बेत काय?" नर्सबाई हळूच विचारत.

"कळनानी भाकर. तुम्हीबी या."

हसू दाबताना मला रडू फुटायचं. नानांच्या बरगड्या रोज एकेक करून वर येत होत्या. वाटीकडे बघत आम्ही मायलेक एकच मागत असू : बुडबुडा नको, देवा.

नवव्या दिवशी सकाळी झटके थांबले. आम्ही हरखलो. नर्सबाईंनी टोक पाण्यात धरलं. एकही बुडबुडा नाही! माय लगबगीनं वाकली, "आज भरीत शे..." पण नरसाळं उचललंच गेलं नाही. बाईंची बोटं नानांच्या मनगटावर होती. त्यांनी मायला थांबवलं नाही. तिचं वाढून होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

ते उपाशी गेले नाहीत, असं माय आजही सांगते. केशराबद्दल मी अजून तोंड उघडलेलं नाही.

"बुडबुडा नाही भाऊ, ट्यूब धड शे," सायकलवाला म्हणतो. मी मान डोलावतो. आणि पाणी निवळलं तरी, एखादा येईल म्हणून, बघत राहतो.