माझ्या मागचं पाणी

आमच्या घरात आंघोळीचा क्रम ठरलेला होता. चुलीवर एकच हंडा तापायचा. आधी वडील, मग भाऊ, मग मी, आणि सगळ्यात शेवटी आई, तळाशी उरलेल्या पाण्यात गार पाणी घालून. सिन्नरच्या पूर्वेकडचं कोरडं गाव. पाणी डोक्यावरून आणायचं, त्यामुळे सांडायचं कुणाला धाडस नव्हतं. हा क्रम चुकीचा आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

दुष्काळाच्या वर्षी आई खडी फोडायला गेली. त्या कामावर तिचे गुडघे गेले आणि त्याच कामावर माझं कॉलेजचं पहिलं वर्ष निघालं. पुढं मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पहिलीच. हे सांगायला मी तेव्हाही लाजले नाही, आताही लाजत नाही. अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात लागले आणि काही वर्षांनी नाशकात स्वतःची जागा घेतली. दोन खोल्या, तिसरा मजला. लग्न केलं नव्हतं, त्याचं दुःखही नव्हतं, पण संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरायचा कंटाळा यायचा. वडील गेले होते. आई गावी भावाकडं. तिला माझ्याकडं आणायचं ठरवलं. आई तयार होती, पण जिना तिला वर येऊ देईना. पहिल्यांदा आली तेव्हा पहिल्या वळणापर्यंत चढली, कठडा धरून उभी राहिली आणि तशीच उतरली. गुडघे बरे झाले की येते, म्हणाली.

ऑफिसातल्या एका बाईंच्या सासऱ्यांना वज्रेश्वरीकडच्या गरम झऱ्यांचा गुण आला होता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करून बघा. पण पाणी सोसेल तितकं गरम हवं, आणि रोज अर्धा तास तरी बसायचं. उघड्या कुंडांवर गर्दी, शेवाळलेल्या पायऱ्या. तिथं आईला न्यायची माझी छाती होईना. म्हणून कुंडांपासून जरा लांब, भातखाचरांच्या कडेला एक बंगलीवजा हॉटेल होतं, तिथं आठवड्याची रजा टाकून खोली घेतली. झऱ्याचं पाणी त्यांनी पाइपानं न्हाणीघरात आणलं होतं. फरशीचा हौद, माणूस गळ्यापर्यंत बसेल एवढा. एकाची आंघोळ झाली की बूच काढायचं, न्हाणीवरच्या बाईला हाक मारायची, की ती दुसऱ्यासाठी हौद पुन्हा भरून द्यायची.

खोलीतल्या गादीच्या अगदी कडेला बसून आईनं विचारलं, इथं काम काय करायचं? काही नाही, म्हटलं. मग दिवस कसा जायचा, म्हणाली.

पहिल्या सकाळी न्हाणीघर वाफेनं भरलेलं, सगळीकडं गंधकाचा वास. आईनं हौदात बोटं बुडवली आणि झटकन काढली. "लय कडक हाय. तू बस आधी. पाणी जरा निवू दे."

मी बसले. बाहेर येऊन व्हरांड्यात पेपर घेतला. कुणीतरी कपबशीत चहा आणून दिला, मॅडम म्हणाला. मला ते आवडलं. का आवडू नये? आई आत बराच वेळ होती. मला बरं वाटलं, पाणी मानवलं म्हणायचं. बाहेर आली ती दोघींचे कपडे पिळून घेऊनच, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर तिनं ते पसरले. मॅनेजर धावत आला, म्हणाला इथं कपडे वाळत घालत नाहीत, बरं दिसत नाही. मी म्हटलं, कपडे धुतले की वाळतच घालतात. तुमच्याकडं दुसरी पद्धत असेल तर सांगा. आई पदर तोंडाला लावून हसली. जेवणघरापर्यंत आम्ही हसतच गेलो. इतकी हसलेली आई मी क्वचित पाहिली.

मग रोज तसंच. मी पाण्यातून लालबुंद होऊन निघायचे, आई होती तशीच. मला वाटायचं, उन्हात रापलेली कातडी, तिच्यावर काय दिसणार.

परतताना, कसाऱ्याच्या घाटात, मी गुडघ्यांचं विचारलं.

"पाणी चांगलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या मागचं मला पुरलं."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक विचारत गेले. बूच काढायचं मी तिच्यावर सोडलं होतं, आणि तिनं ते एकदाही काढलं नव्हतं. न्हाणीवरची बाई रोज म्हणायची, मावशी, नवीन भरून देते. आईनं तिलाही गप्प केलं होतं. मी उठल्यावर ती त्याच पाण्यात बसायची, मग त्यातच कपडे धुवायची, आणि मगच ते सोडून द्यायची. हे सगळं ती मोठ्या अभिमानानं सांगत होती, मी बी.कॉम.चं सांगते तसं.

"एवढा हौद एकटीला? अख्ख्या आळीचे कपडे निघतील त्यात. आन् तू काय घाण होतीस व्हय?"

मी म्हटलं, आई, डॉक्टरांनी गरम पाणी सांगितलं होतं.

"कोमट होतं की," ती म्हणाली.

रजा संपली होती. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ म्हटलं, तिनं मान डोलावली. पुढच्या वर्षी तिला एसटीची पायरीच चढवेना. त्या पहिल्या सकाळी मी 'आधी तू' म्हणायला हवं होतं. ती बसली नसती, हे मला माहीत आहे. पण म्हणायला हवं होतं.

नाशकात ती शेवटची आली ती दवाखान्यासाठी, भावाबरोबर जीपमधून. जाताना आमच्या इमारतीपाशी थांबली आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. मी वरून ताट वाढून आणलं. जेवताना तिनं विचारलं, वर काय काय हाय? मी सांगितलं. दोन खिडक्या, एकीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. ओटा काळ्या दगडाचा. तुझ्यासाठी खाट घेऊन ठेवलीय.

"नळाला पाणी चढतं का एवढ्या वर?"

"चढतं."

तिनं मान वर करून जिन्याकडं पाहिलं. "बरं झालं," म्हणाली. ताटात हात धुतला, तोही तांब्यातल्या अर्ध्याच पाण्यानं, आणि उरलेलं पाणी तांब्यासकट माझ्या हातात दिलं.