बाहेरून नवं करकरीत

बायको तीन आठवडे सांगत होती, "अहो, ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढतीया." वारणानगरच्या शाळेत शिकवायला रोज तीच गाडी नेते. आणि मी दीडशहाणा! चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघितलं, ब्रेकचं पॅड जाडजूड दिसलं. म्हणालो, "गाडी न्हाय, तुझा हात ओढतोय."

मग उजव्या चाकातून खरखर यायला लागली, तेव्हा निमूट गॅरेज गाठलं. मिस्त्री चाचांनी चाक काढलं आणि दोन्ही पॅडं माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरचं नवं करकरीत. आतलं? आयला, आतल्यावर घासायचा थर उरलाच नव्हता! नुसता लोखंडी पत्रा. डिस्कवर नख अडकेल एवढे चरे. मी हादरलोच.

"पण ओढत होती डावीकडं," मी म्हणालो.

"मग? उजवं चाक नीट धरतच न्हाय. डावं एकटंच धरतंय, ओढणारच की!"

चाचांनी पकडीनं हिसडून एक पिन काढली. या पिनांवर ब्रेक मागंपुढं सरकतो, म्हणून दोन्ही पॅडं सारखी झिजतात. ही जाम झालेली, वरचं रबर भज्यासारखं फुगलेलं. चाचांनी ते नाकाशी धरलं.

"पावणं, गाडीला खालनं डिझेल कोण मारतंय?"

आमच्याकडं गाडी धुतली की खालून डिझेलचा फवारा मारायचाच, गंज धरत नाही म्हणून. लोक वॉशिंग सेंटरवर मारून घेतात. मी हौसेनं स्वतःचा पंप आणलाय. दर रविवारी अंगणात, पार चाकाच्या आतपर्यंत. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो.

"मीच," म्हणालो.

"पत्र्याला चालतंय ओ. ह्या रबराला डिझेल म्हंजी इख!"

दोन्ही बाजूंना नवी पॅडं, पिना, रबरं, डिस्क घातल्या. गाडी सरळ थांबायला लागली.

घरी बायकोला सगळं सांगितलं, फवाऱ्यासकट. वाटलं, आता खरपूस समाचार घेणार. ती खुर्चीत बसली.

"परवा जोतिबाचा डोंगर उतरत होते. पोरं मागं झोपलेली," ती म्हणाली. "वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी कठड्याकडं गेली. वीतभर राहिलं असेल."

"अगं, मला बोलली नाहीस?"

"बोलून काय उपयोग होता?"