रिक्स्टने पाय टेकला नाही

आमच्या कालव्यावरचा पूल रिक्स्ट हाताने चाक फिरवून उचलते. बोट कितीही भोंगे वाजवो, बाई घाई करत नाही. तिची गोष्ट सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागते. सांगतो! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लाज कसली?

शरदात वादळाचा इशारा आला, की दुसऱ्या दिवशी आमचं गाव समुद्राच्या बांधावरून वाऱ्याविरुद्ध आठ किलोमीटर सायकलची शर्यत लावतं. सायकल एकाच गिअरची, ब्रेकही पॅडल उलटं दाबूनच लागतो; म्हणजे चेन पडली की चालही गेली आणि ब्रेकही गेला. गेल्या वर्षी रिक्स्टची चेन दोनदा पडली. तेव्हाच ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी पाय टेकणार नाही."

यंदा इशारा आला आणि तिची चेन पुन्हा लटकायला लागली. मी ऐटीत सांगितलं, "मागचं चाक मागे ओढ गं." तिने ओढलं, तर पॅडल एका जागी कण्हायला लागलं. चाक थोडं पुढे घेतलं, तर चेन कव्हरवर फटफट आपटे.

पाववाला डुर्क दारातून ओरडला, "रिक्स्ट, उद्या चालत येतेस, की माझ्या पावाच्या गाडीत घालू?"

"तू तुझे पाव फुगतात का ते बघ!"

मग तिने कव्हरच काढलं आणि पॅडल हाताने, पुलाचं चाक फिरवतात तसं सावकाश फिरवलं. चेन ताठ झाली तिथे खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं. खूण तिथेच!

"शेजारी, दरवेळी एकाच जागी जड जातंय. माझ्या पुलाचं असंच झालं होतं. चेनचा दोष नाही हा, पुढचं दातेरी चक्र मधोमध बसलेलं नाही. कुणी बसवलं होतं हे?"

मी टोपी काढली. वसंतात मीच बसवलं होतं, आणि पाचही बोल्ट एकामागोमाग एक गच्च आवळले होते.

तिने पाना उचलला. बोल्ट जरासे सैल केले, चेन ताठ होई तिथे लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं, एक सोडून एक बोल्ट थोडे थोडे आवळले आणि पुन्हा फिरवलं. सहा वेळा! पाचव्यांदा मी म्हटलं, "आता पुरे गं, चालेल."

"चालेल नको. फिरायला हवं."

सहाव्यांदा चेन सगळीकडे सारखी झाली, बोटाने दाबली तर तेवढीच लवे. मग मागचं चाक हवं तिथे घट्ट केलं आणि कव्हर परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी वारा असा, की मेंढ्यासुद्धा बांधाआड बसलेल्या. डुर्क पाचव्या किलोमीटरवर सायकलवरून उतरला. रिक्स्ट त्याच्या शेजारून गेली, मान खाली, पॅडल गोल गोल, कव्हरमधून चकार शब्द नाही.

शेवटची रेघ तिने वीस हात मागे टाकली, तरी ती थांबेना. मी धापा टाकत मागे धावलो.

"अगं, संपली शर्यत!"

"नक्की ना, शेजारी?" ती म्हणाली. "मग आता टेकते."