जावयासाठी टांगलेलं घोंगडं

देस्बानं जावयाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. अमेरिकेतल्या आम्हा नावाहो लोकांत सासू-जावयानं एकमेकांना बघायचं नसतं, बघितलं तर डोळे जातात. डेल्बर्ट यात भलताच पक्का. टेकडीपलीकडेच गाडी थांबवून हॉर्न द्यायचा. मग देस्बा हातातलं विणकाम टाकून आत पळायची. "आले गं तुझे महाराज!" म्हणून लेकीला चिडवायची. तो गेल्यावर बाहेर यावं, तर दाराशी फोडलेली लाकडं रचलेली असायची. न बघताच दोघांचं छान जमलं होतं.

लेक वारली आणि डेल्बर्ट दारूच्या नादी लागला. नात लारिसा कुणाकडे राहणार, हे आमच्या जमातीच्या कोर्टात ठरलं. डेल्बर्टनंच विनवलं म्हणून न्यायाधीशबाईंनी दोघांच्या मधे घोंगडं टांगायला लावलं. पोरगी आजीकडे राहील, असा निकाल झाला. घोंगड्याआडून तो "बरं" म्हणाला. मग उन्हाळ्यात तिला चार दिवसांसाठी म्हणून शहरात घेऊन गेला, ते परत आणलंच नाही.

देस्बा निकालाचा कागद घेऊन शहरातल्या पोलिसांकडे गेली.

"आजीबाई, हा कागद तुमच्या हद्दीत चालतो. इथल्या कोर्टानं मानला तर बघू."

तिनं शहरातल्या कोर्टात अर्ज केला, तारखांवर तारखा पडल्या. मधेच लारिसाचा फोन आला. "आजी, मला पाळी आली." बाबा सोडत नाही म्हणून ती रडत होती. पोरगी वयात आली की तिनं आजीच्या दारातून पहाटे उगवतीकडे धावायचं, मका दळायचा, त्याची मोठी भाकर जमिनीतल्या खड्ड्यात भाजायची, रात्रभर गाणी म्हणायची. पहिल्या नाही तर दुसऱ्या पाळीला हे व्हायलाच हवं. देस्बानं स्वतःच मका दळायला घेतला.

शहरातल्या कोर्टात ती डोक्यावरून शाल ओढून, भिंतीकडे तोंड करून बसली. डेल्बर्टचा वकील उठला.

"साहेब, तिथं माझ्या अशिलाला पडद्याआड बसवलं. समोरच्या बाईचं तोंडसुद्धा दिसू दिलं नाही. ही काय सुनावणी झाली?"

दुभाषी म्हणून आलेली भाची इर्मा तटकन उभी राहिली. "साहेब, तो मान असतो! यानंच मागितला होता..."

"पडदा होता की नव्हता?" वकिलानं तिला मधेच तोडलं.

"होता, पण..."

"डेल्बर्ट, तूच सांग ना रे," देस्बा भिंतीकडे बघतच म्हणाली. मागून फक्त त्याची खुर्ची करकरली.

निकाल मानता येणार नाही, नव्यानं अर्ज करा, असं न्यायाधीशांनी सांगितलं.

देस्बानं शाल काढली.

"मावशी, नको!" इर्मा ओरडली.

देस्बा वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडे थेट बघत म्हणाली, "पडदा नाही आता. बघ माझ्याकडे."

डेल्बर्टनं दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले. न्यायाधीशांनी तोवर पुढची फाइल उघडली होती.

लारिसाची दुसरी पाळी शहरातच आली. देस्बा त्या दळलेल्या मक्याची लापशी करून कितीतरी दिवस एकटीच खात होती.