डबीवर लिहिलं होतं ‘निरोगी’

मुरगूडच्या चौगल्यांच्या घरात पुरुषांचे आधी पाय बधिर होतात, मग हृदय थकतं. आजोबा असेच गेले, वडील बाळासोही. आता थोरल्या सम्राटची चप्पल भर बाजारात पायातून निसटते आणि गडी अनवाणीच पुढं चालत राहतो. लेकींना मात्र हा रोग शिवत नाही, असं घरात सगळेच धरून चालले होते. लेक परघरची. शेतात तिला वाटा नाही, तर रोगात कुठून येणार, असा सरळ हिशेब.

धाकटी निशिगंधा कोल्हापुरात प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती, आणि विषय घरचाच घेतला होता. यकृतात तयार होणारं एक प्रथिन रक्तात फिरतं. त्याचे चार भाग भाकरीच्या चार चतकोरांसारखे एकत्र असतात. सम्राटच्या रक्तात ते सुटे होत होते, आणि त्यांचा गाळ नसांत नि हृदयात साचत होता. यकृत बदललं तर हे थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. परक्याचं यकृत मिळेपर्यंत सम्राट टिकेल, याचा भरवसा नव्हता.

“माझं हाय की,” निशिगंधा म्हणाली. त्या दिवसापासून लेकीच्या ताटात तूप वाढताना आक्काचा, म्हणजे आईचा, हात आखडला नाही.

प्रयोगशाळेत अल्ट्रासेंट्रिफ्यूज होतं. काचेच्या खिडक्या असलेल्या डबीत प्रथिन भरून ते भयंकर वेगानं फिरवायचं. जड रेणू झपाट्यानं बाहेरच्या कडेकडे सरकतो, हलका मागं रेंगाळतो, आणि आरपार सोडलेल्या उजेडामुळे ही शर्यत पडद्यावर सरकत्या रेषांत दिसते. किंचित आंबट द्रावणात चार चतकोर कितपत एकत्र, म्हणजे जड, राहतात, ते तिला बघायचं होतं. एका डबीत सम्राटचं प्रथिन भरलं. दुसरीत तुलनेसाठी निरोगी माणसाचं हवं होतं. असं रक्त लागलं की आपलाच दंड पुढं करायचा, ही तिथली रीत. निशिगंधानं केला, आणि डबीवर ‘निरोगी’ लिहिलं.

पडद्यावर दोन्ही रेषा सारख्याच रेंगाळल्या.

द्रावण जास्त आंबट झालं असेल म्हणून तिनं ते नव्यानं केलं. पुन्हा तेच. मग शेजारच्या टेबलावरच्या पवित्राचं रक्त घेतलं. पवित्राची रेषा पुढं निघून गेली, बहीणभावाच्या मागं राहिल्या. दवाखान्यातल्या जनुक तपासणीनंही तेच सांगितलं.

हा रोग मुलगा-मुलगी बघत नाही, बाईला फक्त उशिरा गाठतो, हे तिनं स्वतःच्या प्रबंधात लिहिलं होतं. लिहिताना आपण त्यात येतो, हे मनातही आलं नव्हतं. एवढी शिकून ती घरच्याच समजुतीत राहिली होती. तिला स्वतःचा संताप आला. भीती त्यानंतर वाटली, आणि तीही आधी सम्राटसाठी.

रविवारी ती मुरगूडला गेली. पानावर बसल्या बसल्या सम्राटनं विचारलं, “मग, कवा जायाचं दवाखान्यात?”

“माझं चालत न्हाय, दादा.”

“का?”

“मलाबी तेच हाय.”

तूप वाढायला आलेली आक्का जागीच थांबली. “तुला कसं आसंल? तू पोरगी हाईस की,” ती म्हणाली. ताटं तशीच राहिली.

निघताना निशिगंधा उंबऱ्यापाशी चप्पल घालू लागली. सम्राट भिंतीला धरून कसाबसा खाली बसला आणि त्यानं तिच्या पायाच्या अंगठ्याला जोरात चिमटा काढला.

“कळतंय?”

“व्हय.”

मग त्यानं तिचा दुसरा पाय पुढं ओढून घेतला.