नऊ शब्दांचा आतेभाऊ

माझ्या आतेभावाइतका हट्टी माणूस महाड-पोलादपुरात दुसरा झाला नसेल. साठच्या दशकात, आमच्या कापडे गावात रेडिओसुद्धा एकच होता तेव्हा, हा गृहस्थ मुंबईच्या एका संस्थेत गणकयंत्रापुढे बसायचा आणि त्या यंत्राला वाघ-बकरीचा डाव शिकवीन म्हणायचा. साहेब म्हणत, यंत्राला हुकूम द्यायची इंग्रजी भाषा तयार आहे, ती वापर. याचं म्हणणं, ती आकडेमोडीला उत्तम, पण बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं कसं हे तिच्यात सांगता सांगता जन्म जाईल. म्हणून त्याने स्वतःचीच नऊ शब्दांची भाषा रचली. बघ, सरक, कोंड, नायतर, असले शब्द. सुट्टीत आमच्याकडे आला की जेवतानाही तीच चाले. "आमटी असेल तर वाढ, नायतर ताक," असं तो माझ्या आईला सांगे, आणि आई मुकाट्याने दोन्ही वाढी.

शेवटी साहेबांनी अट घातली. गावातल्या पट्टीच्या खेळाडूशी एकच डाव. बकऱ्या दुसऱ्या कुणीतरी हलवायच्या, फक्त तू तुझ्या भाषेत वहीत लिहिलेल्या हुकमांप्रमाणे. जिंकलास तर रोज तासभर यंत्र तुझं, हरलास तर हा नाद सोडायचा.

यंत्र झालो मी. "तू डोकं चालवायचं नाय," आतेभावाने मला बजावलं. "वही सांगेल तेवढंच." समोर वाघ घेऊन माझे चुलत आजोबा, आबा, देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या पटाशी बसले. वाघाने बघता बघता तीन बकऱ्या खाल्ल्या. आतेभाऊ खांबाला टेकून नखं खात होता. त्याला बोलायची मुभा नव्हती. मग वहीने कमाल केली. बकऱ्या चहूबाजूंनी सरकत गेल्या आणि वाघाला एकच मोकळं घर उरलं. वहीत स्पष्ट लिहिलं होतं, कोंड.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांचा वाघ पहिल्या संधीला कोंडत नाहीत, एकदा वाट सोडतात. लहानपणापासून मी तेच करत आलेलो. माझा हात आपसूक भलत्याच बकरीवर गेला. चूक कळेपर्यंत आबांचा वाघ निसटला होता, आणि पुढच्या पाचसहा चालींत डाव आटोपला.

मी रडकुंडीला आलो. हुकूम बरोबरच होता, जिंकलो असं लिही, म्हणून परोपरीने विनवलं. आबाही म्हणाले, "मीच हरलो रे. लिव तसं."

"एकच डाव ठरला व्हता, आबा," तो म्हणाला, आणि तिथेच बसून त्याने साहेबांना हरल्याचं पत्र लिहिलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत तो त्याच इंग्रजी भाषेत पावसाचे आकडे यंत्राला पुरवत राहिला. माझ्यावरची त्याची माया तसूभरही कमी झाली नाही. त्या डावाबद्दल मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं.