लपवलेली तूर

माझ्या दालमिलच्या ऑफिसात कपाटाच्या दारावर आतून एक यादी चिकटवलेली आहे. तपासणीला साहेब येणार असले की काय काय करायचं, त्याची. पहिली ओळ: बाहेरची तूर आत घेणे. मग फरशी झाडणे, कामगारांना टोप्या, वजनकाट्याचं प्रमाणपत्र समोर. यादी माझीच, आणि आजवर कधी चुकली नव्हती.

नव्या नियमाचा मसुदा आला होता: तूर उघड्यावर वाळवायची नाही, बंद यंत्रातच वाळवायची. आम्ही तुरीला तेल लावून ती उन्हात पसरतो, तेव्हा कुठे साल सुटतं. ते यंत्र माझ्या आवाक्यातलं नाही. नियम तसाच आला तर माझी मिल बंद. म्हणून आमच्या छोट्या मिलवाल्यांच्या संघटनेने दिल्लीत उद्योगांची बाजू मांडणारी एक संस्था नेमली. तिथल्या मॅडम, मूळच्या नागपूरच्या, निवेदन पाठवण्याआधी एक मिल पाहणार होत्या. मी संघटनेची सचिव, त्यामुळे दारव्ह्याजवळची माझीच मिल ठरली.

त्या अकराला येणार म्हणून आठपासून आम्ही यादीप्रमाणे कामाला लागलो.

मॅडमनी मिलबाहेरच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं. "वाळवता कुठे?"

मी बोलायच्या आत संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "सगळं आतच असते आपलं. एकदम स्वच्छ."

मॅडमनी लिहून घेतलं. मी चहा पुढे केला.

गाडी गेल्यावर अध्यक्ष खुशीत होते. "पाह्यलं ना ताई, एक बी खोट नाई काढली."

वीस वर्षं तूर पसरणाऱ्या मावशी झाडू धरून उभ्या होत्या. "बाई, त्या उन्हातलीच तूर पाह्याले आलत्या ना? मंग आपन लपवली काहून?"

मी लगेच मॅडमना फोन लावला. निवेदन त्याच दिवशी पाच वाजता जाणार होतं. फोन दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मॅडम वाटेतल्या बोरी अरब गावाला पोचल्या होत्या.

"आमच्याकडे यंत्र नाही," मी म्हटलं. "एकाही छोट्या मिलकडे नाही."

मॅडमनी गाडी थांबवायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग, "मी लिहिलंय की काही मिलमध्ये यंत्रं आहेत, बाकीच्यांना फक्त मुदत वाढवून द्या. हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"हो."

"तूर पसरून ठेवा. येते."

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "आता त्या म्हनतीन, हे लोकं खोटारडे."

"म्हणू द्या. पोती उचला."

मॅडम परत आल्या तेव्हा निम्मी फरशी भरली होती. त्या उकिडव्या बसल्या, मूठभर तूर घेतली. बोटांना तेल लागलं. "पाखरं येतात? धूळ?"

अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते.

"दोन्ही येतात," मी म्हटलं. "वर जाळी आणि बाजूने कुंपण घालू शकतो. यंत्र नाही घेऊ शकत."

त्यांनी आधी लिहिलेलं पान फाडलं आणि तिथेच पोत्यावर बसून नवं निवेदन लिहिलं. पाचला दहा मिनिटं असताना ते फोनवरून दिल्लीला गेलं. "मान्य होईलच असं नाही," एवढंच म्हणाल्या.

अजून उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आणि मी टेप घेऊन जाळीचं माप काढत होतो.

"आन् मधातच तपासणीले साहेब आले तं?" मावशींनी विचारलं.

"तूर बाहेरच राहील," मी म्हटलं. टेपचं दुसरं टोक त्यांनी घट्ट धरलं होतं.